पहिली ओंजळ कोणाच्या हातची

"तू जरा बाजूले हो."

मशीनच्या तोंडाशी मी दोन्ही हात धरून उभी होते. वरून डाळ सुटली होती. आत हवेचे फटके सुरू झाले होते, टक टक टक टक. आता पहिली साफ डाळ माझ्या ओंजळीत पडणार. आणि मंगरूळपीरच्या त्या डाळ मिलचा शेठ म्हणाला, तू जरा बाजूले हो. ओरडला नाही. रागावलाही नाही. दारात आडव्या आलेल्या शेळीला सांगावं, तसं सांगितलं.

मी बाजूला झाले.

"मॅडम, तुमी या. पयली ओंजळ तुमच्या हातानं."

मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या विक्री अधिकारी. त्या सकाळीच पुण्याहून आल्या होत्या. गाडीतून उतरल्या, बूट झटकले, मशीनकडे एकदा पाहिलं, "छान दिसतेय" म्हणाल्या. पाच दिवस त्या मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेली मी तिथंच उभी. मॅडमनी हात पुढे केले. तुरीची पिवळीधमक डाळ त्यांच्या ओंजळीत पडली. त्यांनी ती शेठच्या ओंजळीत ओतली. शेठनं डोळ्यांना लावली. नारळ फुटला. मोबाइल वर झाले.

त्या फोटोत मी आहे. डाव्या कडेला. कोपर तेवढं. कोपराला ग्रीस लागलेलं.

ज्यांना डाळ मिल ठाऊक नाही त्यांना सांगते. डाळीतला काळा, डागी, किडका दाणा कॅमेऱ्यानं ओळखायचा आणि हवेच्या फटक्यानं बाहेर उडवायचा, अशी मशीन असते. आमची कंपनी ती विकते. मी ती मिलमध्ये बसवते. आणि आमच्या भागातल्या मिलांत एक रीत आहे. नवी मशीन सुरू झाली की पहिली ओंजळ मशीन बसवणाऱ्याच्या हातानं निघते आणि मालकाच्या हातात पडते. ज्यानं जोडली त्याचाच हात पहिला. त्यानं बरकत राहते म्हणतात. बरकतीचं मला माहीत नाही. पण रीत बरी आहे. घाम ज्याचा, मान त्याचा. निदान एक ओंजळभर.

कंपनीला ही रीत फार आवडली. फोटो झकास येतो. आधी तो जाहिरातीत गेला. मग कागदोपत्री गेला. आता आमच्याकडे ओंजळीचा फोटो निघाला म्हणजे मशीन मालकाच्या ताब्यात गेली. फोटोत ज्याचे हात, मशीन त्यानं बसवली. पुण्यात बसलेल्या माणसांनी गावची रीत उचलली आणि तिचा पुरावा केला. गावात रीत मोडायला काय काय पुरतं, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

काय पुरतं, ते सांगते.

काम सुरू झालं तेव्हा शेठ चांगला बोलायचा. काचेच्या ग्लासात चहा यायचा. शेठ स्वतः खुर्ची ओढून जवळ बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "गाव कोनतं तुहं?"

"मेडशी."

"मेडशीत कोनत्या आंगाले घर?"

आमच्याकडे जात कोणी विचारत नाही. तो जमाना गेला. आता दिशा विचारतात.

"विहाराच्या आंगाले," मी म्हणाले.

"असं होय," शेठ म्हणाला. "हुशार राह्यतात बाप्पा तुमचे लेकरं."

दुसऱ्या दिवशी चहा आला तो कागदी कपात. एकट्या मला नाही, हां. सगळ्यांना. हमालांना, ऑपरेटरला, मुनीमजीला, खुद्द शेठलाही. एकटीला दिला असता तर दिसलं असतं. शेठ हुशार राह्यतात बाप्पा.

ओंजळीच्या दिवशी मॅडमनी मला गाडीतून बसस्टँडवर सोडलं. वाटेत माझं तोंड पाहून त्या म्हणाल्या,

"अगं, एवढं काय मनावर घेतेस? जुनी माणसं ती. बाईच्या हातून मुहूर्त नको वाटला असेल."

"मॅडम, तुम्ही पण बाईच आहात."

त्यांनी गाडीतली थंड हवा वाढवली.

ही काही पहिली वेळ नव्हती. कधी मालकाचा जावई पुढे व्हायचा, कधी आमचाच विभागीय साहेब. एकदा तर शेजारच्या दुकानात पूजेला आलेल्या गुरुजींना बोलावलं. दर वेळी काहीतरी कारण. कारणाची कमी कधी पडली नाही. एका मिलमध्ये मालकानं सरळ हात पुढे केला होता, तो माझा एकच फोटो. त्याचे आभार मानावेत असं मला वाटायचं. नंतर वाटलं, कायले? त्यानं रीत पाळली. बस.

मग कंपनीचा निरोप आला. वरिष्ठ तंत्रज्ञ मानांकन. ज्यांनी मशिनी बसवल्या, बिघाड काढले, ग्राहक टिकवले, अशा फिरत्या तंत्रज्ञांमधून निवड होणार. मानांकन झालं की मशीन स्वतःच्या सहीनं मालकाच्या ताब्यात देता येणार. नव्या पोरापोरींना शिकवता येणार. आजवर मी बसवलेली प्रत्येक मशीन दुसऱ्या कोणाच्या सहीनं गेली होती. सही करायला माणूस गाडीतून यायचा. मला ती सही पाहिजे होती. कोणाला खोटं का सांगू, पाहिजेच होती. भूक लागावी तशी.

अर्ज मोबाइलवरच भरायचा होता. किन्हीराजाच्या पुढं एस.टी. बंद पडली होती, बाकीचे प्रवासी रस्त्याच्या कडेला बसून ड्रायव्हरच्या नावानं बोलत होते, तिथं निंबाखाली उभं राहून मी भरला. शिक्षण, आयटीआय. अनुभव. काढलेले बिघाड. सगळं भराभर झालं. शेवटी पाच चौकोन होते. पाच मिलांतले ओंजळीचे फोटो. फोटोत अर्जदाराचे हात आणि चेहरा स्पष्ट दिसावेत.

माझ्याकडे एक होता. चार चौकोन रिकामे.

तरी पाठवला. दुसऱ्या चौकोनात मंगरूळपीरचा फोटो टाकला. कोपराचा. म्हटलं, पाहू द्या.

मुलाखत अकोल्याच्या कार्यालयात झाली. तिघं होते. दोघं मान हलवायला, एक बोलायला. बोलणाऱ्या साहेबांनी कामाचे प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. साहेब खूश दिसले.

"तांत्रिक बाजू उत्तम आहे. फारच उत्तम. पण ग्राहकस्वीकृतीत तू कमी पडतेस."

"म्हणजे?"

"फोटो कुठे आहेत? पाच लागतात. एक आहे. आणि हा दुसरा..." त्यांनी स्क्रीनवर माझं कोपर मोठं केलं. ग्रीससकट. "हे काय आहे?"

"मी आहे, सर."

शेजारचा हसला. मी नाही हसले.

"मशिनी मी बसवल्या, सर. ओंजळ मला घेऊ दिली नाही."

"का?"

"ते मालकांना विचारा. मला बाजूला व्हायला सांगितलं."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघ, ते जातीपातीचं इथे आणू नकोस. आम्ही इथे फक्त काम बघतो."

मी जात हा शब्द उच्चारला नव्हता. एकदाही नाही. मशिनी मी बसवल्या ते सांगितलं, बाजूला हो म्हटलं ते सांगितलं. जात त्यांनी स्वतः आणली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फोटोतल्या कोपराकडे पाहूनच त्यांना सगळं ठाऊक होतं. माहीत नसल्याचा पगार घेत होते.

मग साहेब मवाळ झाले. मला वाटतं त्यांना खरंच मदत करायची होती. तेच जास्त लागलं.

"तू असं कर. अजून पंधरा दिवस आहेत. ओळखीच्या मिलमध्ये जा. मालक नसेल तेव्हा. कोणाला तरी समोर उभं कर, चांगला शर्ट घालायला सांग, ओंजळ दे, फोटो काढ. झालं. कोण तपासतंय?"

शेजारचा पुन्हा हसला. "हमालाला शेठ कर एक दिवस. त्यालाही बरं वाटेल."

खोलीत तिघंही हसले. चहा आला. मी घेतला नाही.

परतीच्या एस.टी.त मी काय केलं असेल? रागानं पेटले असेन, असं वाटेल. नाही. मी हिशेब लावत होते. कोणत्या मिलमधला कोण हमाल शेठसारखा दिसतो. कोणाचं पोट सुटलेलं आहे. कोणाकडे पांढरा शर्ट असेल. मेडशी येईपर्यंत माझ्या डोक्यात चार शेठ तयार झाले होते. अपमान असा काम करतो. तो आधी तुम्हाला मारत नाही. आधी तुम्हाला कामाला लावतो.

घरी आले तर माय अंगणात तूर पाखडत बसली होती. माझी माय मालेगावच्या एका मिलमध्ये डाळ निवडायला जायची. तेव्हा ह्या मशिनी नव्हत्या. पंधरा-वीस बाया ताडपत्रीवर रांगेनं बसायच्या आणि काळा दाणा बोटानं वेचायच्या. मग मशीन आली. माझ्या कंपनीची नाही, पण तीच जात. बायांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

"झालं काय तुहं?" माय म्हणाली. "भेटला काय थो बिल्ला?"

"नाही भेटला."

"काहून वं?"

"फोटो नाहीत."

"फोटो नाईत म्हंजे? तुह्या मोबाइलात त गंज फोटो हायत. तुह्या मावसबहिनीच्या लग्नातले त सरतच नाईत."

मी सांगितलं सगळं. ओंजळ, मॅडम, कोपर, साहेब. हमालाला शेठ करायचंही सांगितलं. वाटलं, माय म्हणेल, काढून टाक बाई फोटो, कोण पाह्यते. मायनं सूप खाली ठेवलं.

"थ्या मिलमधी म्या पंधरा वर्सं डाळ निवडली. साऱ्या जिल्ह्यानं खाल्ली. कोनाच्या नरड्यात अटकली नाई."

"माहीत आहे माय."

"तुले काय माहीत हाय? आयक. मशीन आली अन् आमाले घरी धाडलं. म्या काही बोलली नाई. बाकीच्या बाया बोलल्या, म्या नाई बोलली. म्हतलं जाऊ दे, माही पोरगी तेच मशीन शिकून राह्यली. माह्या हातचं काम माह्याच पोरीच्या हातात गेलं, दुसरीकडे कुठी गेलं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् आता तू सांगतं, मशीन बी दुसऱ्याच्याच हातची. मंग माहं काम गेलं कुठी वं?"

मी मोबाइल काढला, पुन्हा खिशात टाकला.

"फोटोचं जाऊ दे," माय म्हणाली. "खोटा फोटो काढशीन त खोटी मशीन बसवली असं होईन. तुले पुसते मी. त्यानं बाजूले हो म्हतलं, तवा तू काहून झाली?"

सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. फोल उडत होतं, माझ्या तोंडावर येत होतं. मी तिथंच उभी.

मी आमच्या युवा मंडळाची पत्रकं लिहिते. विहिरीचं लिहिलं, वसतिगृहाचं लिहिलं, गायरानाचं लिहिलं. 'अन्याय सहन करणाराही' वगैरे सगळी वाक्यं मला पाठ आहेत. चौकात उभं राहून वाटली आहेत. आणि मिलमध्ये एक माणूस म्हणाला बाजूले हो, तर मी झाले. पाय आपोआप सरकले. डोक्याला विचारलंच नाही पायांनी. तेव्हा कळलं की पत्रक माझ्या तोंडात होतं. पायांपर्यंत पोचलं नव्हतं.

मानांकन मला मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांच्यात दोघं असे होते की ज्यांच्या मशिनी बिघडल्यावर मी जाऊन उघडल्या होत्या. त्यांच्या ओंजळी सुंदर होत्या.

आणि मग मंगरूळपीरच्या त्याच शेठनं दुसरी मशीन घेतली. हरभऱ्याच्या डाळीसाठी. कंपनीला फोन केला, म्हणाला, "थेच पोट्टी पाठवा. तिचा हात चांगला हाय. पयली मशीन अजून कुरकुरली नाई."

मशीन जोडायला माझा हात चांगला. ओंजळीला नाही.

मी गेले. काम केलं. नेहमीसारखं नाही, नेहमीपेक्षा चांगलं केलं. मिलचा ऑपरेटर गजाननभाऊ, मला मिस्तरीनबाई म्हणतो, तो म्हणाला, "मिस्तरीनबाई, या खेपेले तुमी गानं नाई म्हणून राह्यल्या." मी काम करताना गुणगुणते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी मॅडम आल्या. नारळ आला, हार आला. गजाननभाऊनं डाळ सोडली. हवेचे फटके सुरू झाले. मी मशीनच्या तोंडाशी दोन्ही हात धरून उभी राहिले.

"चाल, बाजूले हो," शेठ म्हणाला. त्याच आवाजात.

पाय सरकायला निघाले होते. मला जाणवलं ते. मी टाचा रोवल्या.

डाळ पडली. हरभऱ्याची डाळ जड असते. गरम होती. ओंजळ भरली, वरून थोडी सांडली. मी वळले आणि ओंजळ शेठसमोर धरली.

"शेठजी, घ्या. पहिली ओंजळ."

शेठनं दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान लेकरू नको असलेला घास पाहून नेतं ना, तसे. सत्तरीचा माणूस.

"मॅडमच्या हाती दे," तो म्हणाला.

"मॅडमनी मशीन बसवली नाही. रीत तुमची हाय शेठजी, माही नाही. जो बसवते त्याच्या हातानं निंघते."

"अगं, दे ना इकडे," मॅडम हळूच म्हणाल्या. "वाद नको."

"मॅडम, मशीन कोणी बसवली, तेवढं सांगा. सगळे आहेत इथं."

फोटोसाठी वर धरलेला फोन त्यांनी खाली केला. हमाल पोती सोडून उभे होते. मशीन चालूच होती, मागून डाळ पोत्यात पडतच होती. ओंजळ न घेताही तिचं काही अडलं नव्हतं.

"लय शिकले हे लोक," शेठ म्हणाला. मला नाही, नारळ धरून उभ्या असलेल्या मुनीमजीला. आणि ऑफिसात निघून गेला.

मी उभीच. खांदे भरून आले.

"मिस्तरीनबाई, हात दुखन," गजाननभाऊ म्हणाला.

"दुखू द्या."

त्यानं एक कोरा कागद आणला. मशीनच्या माथ्यावर पसरला. मी ओंजळ त्यावर रिकामी केली. डाळ शेठच्या मालकीची, ती मी नेली नाही. पण मॅडमच्या हातात दिली नाही आणि पोत्यातही ओतली नाही. तिथं ठेवली. शेठनं उचलावी. उचलली की माझ्या हातून घेतल्यासारखंच.

मॅडमना त्या दिवशी स्वतःचा फोटो काढता आला असता. दुसरी ओंजळ धरायची, बस. त्यांनी काढला नाही. का, ते मला सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत.

फोटो नाही, म्हणून कंपनीच्या लेखी ती मशीन अजून ताब्यात गेलेली नाही. मिलमध्ये रोज चालते, डाळ रोज बाजारात जाते, पण कागदावर अधांतरी. कंपनीनं मला विचारलं, ग्राहकाशी उद्धट वर्तन का केलं? मी एका ओळीत लिहिलं, ग्राहकाची रीत पाळली. दोनदा फोन आले. शेठची माफी माग, प्रकरण मिटेल. मी म्हटलं, त्यांनी ओंजळ घ्यावी, प्रकरण मिटेल. आता मला बदलीची धमकी आहे. करा. मिल सगळीकडे आहेत.

गजाननभाऊ अधूनमधून फोन करतो. ती डाळ अजून तिथंच आहे म्हणतो. शेठ उचलत नाही आणि फेकूनही देत नाही. कोणाला फेकायलाही सांगत नाही. मशीन थरथरते तसा एकेक दाणा घसरून खाली पडतो.

कोणी म्हणेल, ती मशीनसुद्धा रंग पाहूनच दाणा बाहेर उडवते. हो, उडवते. पण तिचं सेटिंग मी बदलू शकते. तुम्ही तुमचं कोणाकडून करून घेणार?

मानांकनाचे अर्ज पुन्हा सुटले आहेत. मी भरते आहे. पाच चौकोन तेच. पहिल्यात माझा एक फोटो. बाकीच्या चारांत मी फोटो टाकणार नाही, कोपराचाही नाही. चारी चौकोनांत मिलचं नाव लिहिणार, आणि खाली लिहिणार, इथं मशीन मी बसवली आणि इथं अमक्यानं हात मागे घेतला. माझ्याऐवजी पुढे झालेल्या विभागीय साहेबांचं नावही एका चौकोनात येईल. आमच्यासारखे फिरते तंत्रज्ञ वाशिम, अकोला, बुलढाण्यात आहेत, त्यातल्या अनेकांच्या ओंजळी दुसऱ्यांच्या हातात गेल्या आहेत. त्यांना मी फोन करते आहे. त्यांनीही तसंच भरावं. निवड समितीनं रिकामे चौकोन वाचावेत. नाहीतर ती अट काढून टाकावी. ह्या दोनपैकी एक होईपर्यंत मी दर वर्षी अर्ज करणार.

आणि मशिनी बसवणार. डाळ सुटली की तोंडाशी मी उभी राहणार. समोरच्यानं हात पुढे करायचे की पाठीमागे न्यायचे, ते त्यानं ठरवावं.

मी बाजूले होत नाही.